सही कुणाची, निर्णय कुणाचा

कर्नाटक सरकारने ३० जानेवारी २०२५ रोजी एक परिपत्रक काढलं. बरं होण्याची आशा संपलेला रुग्ण नुसता यंत्रावर असेल, तर ते यंत्र कुणाला विचारून आणि कुणाला कळवून काढायचं, हे त्यात आहे. आधी उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं मंडळ. मग दुसरं मंडळ, त्यात एक डॉक्टर सरकारी आरोग्य अधिकाऱ्याने नेमलेला. घरच्यांची लेखी संमती. शेवटी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली घालून दिलेली आणि २०२३ साली सुटसुटीत केलेली ही रीत.

त्यानंतर बंगळुरूत जी चर्चा माझ्या कानावर आली ती सगळी वयस्कांची. इच्छापत्र कसं करायचं, साक्षीदार किती, नोटरी लागतो का. मी एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात (एनआयसीयूत) समुपदेशक आहे. आमच्या रुग्णाने इच्छापत्र केलेलं नसतं. त्याचं अजून बारसंही व्हायचं असतं. इच्छापत्र न केलेल्या रुग्णासाठी न्यायालयाने नातलगांच्या किंवा पालकांच्या संमतीची वाट ठेवलेली आहे, तेव्हा कायद्याने आमच्या बाळांना वगळलं असं म्हणता येणार नाही. पण त्यांचा विचार करून कुणी काही लिहिलंय, असंही दिसत नाही.

*

आमच्याकडे कोणती बाळं येतात? पंचवीस-सव्वीस आठवड्यांची, फुप्फुसं तयार नसलेली. पूर्ण दिवसांची, पण जन्मताना गुदमरलेली. आतड्याचा भाग सडलेली. हृदयाची घडणच चुकलेली. यातली बरीच बरी होऊन घरी जातात, हे आधी सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की एनआयसीयू म्हणजे मरणाचीच जागा.

काही थोडी मात्र अशी असतात की व्हेंटिलेटर श्वास देत राहतो, औषधांवर रक्तदाब धरून ठेवलेला असतो, आणि डोक्याच्या सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना मोठा रक्तस्राव दिसत असतो. करता येण्यासारखं आहे म्हणून ते सगळं करायचं का, हा प्रश्न या थोड्या बाळांचा आहे.

*

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा बिलाच्या खिडकीवर मिळतं.

खासगी एनआयसीयूतल्या व्हेंटिलेटरचा रोजचा खर्च हजारोंनी मोजायचा असतो. पुष्कळशा वैयक्तिक विमा पॉलिसींत बाळ ९० दिवसांचं झाल्याखेरीज त्याचं नाव घालता येत नाही. गरज पहिल्या महिन्यात, विमा चौथ्यात. सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. पण बंगळुरूतलं वाणी विलास रुग्णालय आणि इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था इथे लांबलांबच्या जिल्ह्यांतून बाळं येतात, आणि व्हेंटिलेटर मोजकेच. खाट मिळेपर्यंत बाळ जिथे आहे तिथलं बिल चढत राहतं. आधी दागिने जातात, मग गावाकडची जमीन निघते. मग एका सकाळी बाप म्हणतो, ‘आम्ही नेतो घरी.’

त्याच्यासमोर एक छापील कागद येतो. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध आम्ही बाळाला नेत आहोत, पुढच्या परिणामांची जबाबदारी आमची. ‘लीव्ह अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस’ची आद्याक्षरं घेऊन रुग्णालयात याला सगळे ‘लामा’ म्हणतात. ‘सात नंबर लामा झालं’ असं ड्यूटी बदलताना सांगतात.

अथणीकडचं एक कुटुंब होतं. बाप इथे सेंट्रिंगच्या कामावर. आदल्या रात्री डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं होतं की आता आमच्या हातात काही राहिलेलं नाही. तरी सकाळी सही घेतली ती सल्ल्याविरुद्ध नेत असल्याची. नर्स हाताने श्वास देण्याची ॲम्बू बॅग दाबत लिफ्टपर्यंत आली, लिफ्टमधून खालच्या दारापर्यंत आली. दारात तिने नळी काढली. चिकटपट्टीखालची गालाची कातडी लाल झाली होती. तिने ओल्या कापसाने ती जागा पुसली आणि बाळ दुपट्यात गुंडाळून आज्जीच्या हातात दिलं. त्यांची गावाकडची गाडी रात्रीची होती. बाळ किती वेळ श्वास घेईल, कण्हायला लागलं तर काय द्यायचं, वाटेत गेलं तर दाखला कुठला डॉक्टर देईल, यातलं एकही त्या कागदात नव्हतं.

आशा संपल्याचं निदान डॉक्टरांचं होतं, यंत्र रुग्णालयाचं होतं, सही एकट्या बापाची.

*

‘मॅडम, मशीन काढलं की मग ते आमीच मारल्यागत न्हवं का?’ निपाणीकडच्या एका आज्जींनी विचारलं.

मी म्हटलं, ‘आज्जी, मशीन काढल्यावर बाळ गेलं तर ते त्याच्या आजारानं जाईल. मशीननं आजार बरा होत नव्हता, दिवस लांबत होते.’

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘मग लावायच्या आधी का न्हाई इचारलं?’

नीतिशास्त्राच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की उपचार सुरू न करणं आणि सुरू केलेला थांबवणं, दोन्हींची नैतिक योग्यता सारखी. कागदावर ते पटतं. पण बाळ आत श्वास घेतंय आणि आपल्या ‘हो’ म्हणण्यावर तो श्वास थांबणार आहे, हे ज्याला सोसायचं असतं त्याला दोन्ही सारखं वाटत नाही, आणि वाटावं अशी अपेक्षाही करू नये. तरीही मी थांबवण्याची वाट मोकळी असावी या मताची आहे. जन्मल्यानंतरच्या पहिल्या तासात कुठलं बाळ तग धरेल हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. एकदा लावलेलं यंत्र काढताच येत नाही असं ठरलं, तर डॉक्टर काठावरच्या बाळाला ते लावायलाच कचरतील, आणि जगू शकलं असतं असं बाळ जाईल.

म्हणून आज्जींच्या प्रश्नाला खरं उत्तर असं की, लावतानाच सांगायला हवं होतं. ‘तीन-चार दिवस बघू. बाळाने साथ दिली तर पुढे जाऊ. नाही दिली तर पुन्हा बसून बोलू.’ एवढी तीन वाक्यं पहिल्या दिवशी बोलली गेली, तर पाचव्या दिवशीचं बोलणं विश्वासघातासारखं लागत नाही.

*

हा सगळा कायदा ज्या खाटेपासून सुरू झाला ती मुंबईच्या केईएम रुग्णालयात होती, आणि त्या खाटेवरची नर्स कर्नाटकातल्या हळदीपूरची होती. अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर त्या कधीच शुद्धीवर आल्या नाहीत. पत्रकार पिंकी विराणी यांच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरुणाताईंचं अन्न बंद करायला नकार दिला, पण असाध्य अवस्थेत उपचार काढून घेता येऊ शकतात हे तत्त्व त्याच निकालात मान्य केलं. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. ४१ वर्षांहून अधिक काळ केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं.

त्या निकालात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. अरुणाताईंच्या बाजूने बोलण्याचा अधिकार कुणाचा, असा प्रश्न आला तेव्हा न्यायालयाने तो केईएमच्या कर्मचाऱ्यांकडे दिला, कारण रोज अंग पुसणारे, भरवणारे, कूस बदलणारे ते होते. आमच्या विभागातही बाळाला सर्वांत जास्त वेळ पाहणारी नर्स असते. कुठल्या बाळाला सुई टोचल्यावर ते किती वेळ शांत होत नाही, हे तिला माहीत असतं. बाळाचं पुढे काय, या बैठकीत तिला खुर्ची नसते.

*

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या रेमंड डफ आणि ए. जी. एम. कॅम्पबेल या दोन डॉक्टरांनी १९७३ साली एक लेख छापला. आपल्या विभागातल्या २९९ बालमृत्यूंपैकी ४३ मृत्यू उपचार थांबवल्यामुळे किंवा न दिल्यामुळे झाले, आणि ते आई-वडिलांशी बोलून झाले, असं त्यांनी उघड लिहिलं. त्याआधीही हे सगळीकडे होत होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं. लेखावर वादळ उठलं. मला त्या दोघांबद्दल आदर आहे. त्यांचा प्रत्येक निर्णय योग्य होता की नाही हा वेगळा वाद. आपण काय करतो हे त्यांनी स्वतःच्या नावाने सांगितलं.

त्यानंतर नऊ वर्षांनी, एप्रिल १९८२ मध्ये, इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनमध्ये एक बाळ जन्मलं. डाउन सिंड्रोम, आणि अन्ननलिका पोटाला जोडलेली नाही. नलिकेची शस्त्रक्रिया होण्यासारखी होती. आई-वडिलांनी नकार दिला, न्यायालयाने त्यांचा नकार मान्य केला, आणि सहाव्या दिवशी बाळ गेलं. जगाने त्याला ‘बेबी डो’ या नावाने ओळखलं. मग रेगन सरकारने दुसरं टोक गाठलं. अपंग नवजाताला उपचार नाकारले जात असतील तर या नंबरवर कळवा, अशा पाट्या रुग्णालयांत लावायला लावल्या. १९८४ साली त्याचा कायदा झाला, आणि ज्या बाळांचं काही होण्यासारखं नव्हतं त्यांच्याबाबतीतही डॉक्टर थांबायला घाबरू लागले.

माझं मत स्पष्ट आहे. जिथे डॉक्टरांनाच खात्री नाही, जिथे उपचाराने मिळणारं आयुष्य आणि उपचाराच्या वेदना यांचा ताळा लागत नाही, तिथे आई-वडिलांचा शब्द शेवटचा असावा. पण जिथे शस्त्रक्रियेने बाळ नक्की बरं होणार आहे आणि नकाराचं कारण एवढंच आहे की ते मूल डाउनचं आहे, तिथे आई-वडिलांनाही तो अधिकार नाही. असे नकार बंगळुरूतही येतात. शिकलेल्या, पगारदार घरांतूनही येतात. तेव्हा आम्ही आधी त्यांची गाठ डाउन सिंड्रोमच्या मोठ्या मुलाच्या आई-वडिलांशी घालून देतो. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. नाहीच झालं तर बालकल्याण समिती आहे, आणि त्या दाराशी जायला डॉक्टरांनी संकोच करू नये.

*

नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनच्या डॉक्टरांनी २००५ साली एक नियमावली प्रसिद्ध केली. असह्य वेदनेतल्या नवजाताचं आयुष्य औषध देऊन संपवण्याची. आपल्या कायद्यात याला जागा नाही, आणि मला ती नकोही आहे. जिथे मॉर्फिन वेळेवर मिळत नाही, तिथे वेदना असह्य आहे हे ठरवण्याचा हक्कच आपल्याला पोचत नाही.

*

मॉर्फिनवरून. १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या मोठमोठ्या रुग्णालयांत नवजातांवर जवळपास भुलीशिवाय शस्त्रक्रिया होत. त्यांचा मेंदू अपुरा, त्यांना दुखत नाही, अशी समजूत होती. इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत सिंग आनंद यांनी ती मोडली. शस्त्रक्रियेनंतर परत येणारी बाळं पांढरीफटक आणि विस्कटलेली का दिसतात, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी त्यांच्या रक्तातली तणावाची संप्रेरकं मोजली. नीट भूल दिलेल्या बाळांत ती कमी, आणि त्या बाळांची तब्येतही पुढे चांगली. १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे आलं आणि जगभरची रीत बदलली.

टाचेला सुई टोचण्याआधी जिभेवर साखरपाण्याचे दोन थेंब सोडले तर बाळ कमी रडतं. याला ना पैसे लागतात ना परवानगी. तरी गर्दीच्या विभागात ते राहून जातं. ‘आता आमच्या हातात काही नाही’ हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. बरं करणं हातात नसेल. दुखणं कमी करणं, अंग ऊबदार ठेवणं, घशातला कफ हलकेच काढणं, आईच्या छातीवर देणं, हे शेवटपर्यंत हातात असतं.

*

ऑगस्ट १९६३. राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. बॉस्टनच्या उत्तमोत्तम डॉक्टरांनी प्रयत्न केले. तो ३९ तास जगला. आज तेवढ्या दिवसांचं बाळ बंगळुरूतल्या साध्या नर्सिंग होममधूनही सहसा सुखरूप घरी जातं. ‘काही होण्यासारखं नाही’ हे वाक्य त्या वर्षापुरतं आणि त्या गावापुरतं खरं असतं. म्हणून ते बोलताना डॉक्टरांनी दुसऱ्या एखाद्या केंद्राला फोन लावलेला असावा.

*

ऑक्सिजनची गोष्ट प्रत्येक नव्या नर्सला सांगावी अशी आहे. १९४० च्या दशकात कमी दिवसांच्या बाळांना भरपूर ऑक्सिजन द्यायला सुरुवात झाली. बाळं जगू लागली आणि आंधळी होऊ लागली. गायक स्टीव्ही वंडर त्यांतलाच, जन्म १९५०. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये ऑक्सिजनवर बोट ठेवलं, १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांच्या अभ्यासाने ते सिद्ध केलं. मग ऑक्सिजनच आखडता घेतला. अंधत्व कमी झालं, मृत्यू वाढले. किती द्यायचा, याचं उत्तर २०१० पर्यंत शोधत होते, आणि त्या वर्षी आलेल्या एका मोठ्या अभ्यासात पुन्हा तेच दिसलं: ऑक्सिजनची पातळी खाली ठेवली तर डोळे जास्त वाचतात, पण मृत्यू थोडे वाढतात.

डोळे की जीव, असा हा हिशेब. आकडा मॉनिटरवर ठरवून द्यावा लागतो, म्हणजे कुणीतरी हा नैतिक निर्णय रोज घेतच असतं, आई-वडिलांना कळो न कळो.

भारतात मात्र बरीच बाळं या हिशेबामुळे आंधळी होत नाहीत. ती तपासणी चुकल्यामुळे होतात. २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचे डोळे तिसाव्या दिवसाच्या आत तपासायला हवेत. त्याहून लहान बाळांचे आणखी आधी. वेळेत कळलं तर लेसरने दृष्टी वाचते. बंगळुरूच्या नारायण नेत्रालयात डॉ. आनंद विणेकर यांनी २००८ साली ‘किड्रॉप’ सुरू केलं. प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन तालुक्या-जिल्ह्यांच्या गावांतल्या नवजात विभागांत जातात, बुबुळामागचे फोटो पाठवतात, तज्ज्ञ इथे बसून पाहतात. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ साली जन्मलेल्या एका मुलीची ही तपासणी कुणी सुचवलीच नाही. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला सुमारे एक कोटी ऐंशी लाख रुपये भरपाई दिली. डोळे परत आले नाहीत.

बाळाला वाचवायचं ठरवलं की त्याच्या डोळ्यांची, कानांची, पुढच्या चालण्या-बोलण्याचीही जबाबदारी घ्यावी लागते. डिस्चार्जच्या दिवशी पेढे वाटून ती संपत नाही.

*

जन्मताना गुदमरलेल्या बाळाचं अंग ७२ तास साडेतेहतीस अंशांवर थंड ठेवलं तर मेंदूची हानी कमी होते. युरोप-अमेरिकेत हा ठरलेला उपचार. आपल्याकडेही तो पसरला. थंड न करणारे डॉक्टर मागासलेले वाटू लागले. ‘तिकडे असता तर केलं असतं’ असं नातलग म्हणू लागले. मग ‘हेलिक्स’ अभ्यास झाला. बंगळुरू, चेन्नई, मुंबई, श्रीलंका आणि बांगलादेशातली सात रुग्णालयं, ४०८ बाळं. २०२१ मध्ये निकाल आला. थंड केलेल्या बाळांत ४२ टक्के गेली, न केलेल्यांत ३१ टक्के.

इथल्या बाळांचं गुदमरणं वेगळ्या प्रकारचं असावं, ते पोटात असतानाच लांबलेलं असावं, अशी कारणं दिली जातात. मला त्यातून एवढं घ्यावंसं वाटतं की परदेशात होतं ते न करणं म्हणजे हयगय नव्हे. आपल्या बाळांवर काय लागू पडतं ते आपल्याच बाळांत पाहावं लागतं, आणि ते पाहण्यासाठी इथल्या शेकडो आई-वडिलांनी बाळ जन्मल्यावर काही तासांत संमती दिली. त्या अवस्थेत संमती मागावी का, हाही मोठा प्रश्न आहे. मागितली नसती तर आपण न तपासताच थंड करत राहिलो असतो.

*

पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते. त्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. एका आज्जींनी वॉर्मरजवळ ती ठेवू द्या म्हणून गळ घातली. संसर्गाच्या भीतीने आत काही नेता येत नाही. सिस्टरांनी कागद-पेन निर्जंतुक पिशवीत सील करून गादीच्या कडेला ठेवलं. मल्याळी सिस्टर, मराठी सटवाई. रात्रभर ते तिथे होतं.

याला अंधश्रद्धा म्हणून हसणारे डॉक्टर मी पाहिलेत, आणि ‘तुमच्या नशिबात होतं’ म्हणून सटवाईच्या आड लपणारेही. पहिल्यांपेक्षा दुसरे मला जास्त खटकतात.

*

बैठकीत कोण असतं? बाप, आजोबा, एखादा मामा, गावातला ‘जाणता’ माणूस. आई नसते. तिचं सिझर झालेलं असतं, ती दुसऱ्या मजल्यावर किंवा दुसऱ्याच रुग्णालयात असते. ‘तिला सांगू नका, सहन होणार नाही.’ मग तिच्या बाळाचं ठरतं, ते जातं, पुरलं जातं, आणि तिला दोन दिवसांनी कळतं. प्रेमापोटी हे केलं जातं यात मला शंका नाही. तरीही ते चूक आहे. ज्या बायकांना मी नंतर भेटले, त्यांच्यापैकी एकीनेही ‘बरं झालं मला तेव्हा सांगितलं नाही’ असं म्हटलेलं नाही.

आईला आत घेण्याने बाळंही जगतात. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी पावडरचं दूध बंद केलं, आयांना विभागात घेतलं, १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी काढली. बंगळुरूच्या सेंट जॉन्समध्ये डॉ. सुमन राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवण्याच्या कांगारू पद्धतीवर वर्षानुवर्षं काम केलं आणि ती कोप्पळ जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांपर्यंत नेली. २०२१ मध्ये भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांच्या अभ्यासाने दाखवलं की कमी वजनाचं बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी दिलं तर २८ दिवसांतले मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी होतात. इतकी वर्षं तिला काचेबाहेर उभं करणारे आपण, ठरवतानाही तिला बाहेर ठेवतो.

डॉ. फर्नांडिस यांनी पुढे मुंबईत पॅलिएटिव्ह केअरचं केंद्रही उभं केलं, आपल्या मुलीच्या नावाने. बाळांना जगवण्यात हयात घालवलेल्या बाईंनी शेवटच्या आजारातल्या माणसांसाठी घर बांधावं, यात मला काही विसंगत वाटत नाही.

*

मुलगी असली की ‘आम्ही नेतो घरी’ लवकर ऐकू येतं. सरकारी नवजात विभागांत दाखल होणाऱ्यांत मुली मुलांपेक्षा कमी असतात, हे देशभर दिसलेलं आहे, आणि मुली कमी आजारी पडतात एवढ्याने तो सगळा फरक भरून निघत नाही. ‘पालकांचा निर्णय’ हा शब्द वापरताना हे विसरून चालणार नाही.

*

एका तासाने गेलेल्या बाळाचेही दोन दाखले निघतात. जन्माचा आणि मृत्यूचा. दोन्ही नोंदी २१ दिवसांत. बाळाच्या नावाची जागा रिकामी सोडता येते. काही आई-वडील ती आग्रहाने भरतात. लहान बाळाला आपल्याकडे बहुतेक दहन देत नाहीत, पुरतात. गावाहून बंगळुरूला पोट भरायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘इथं पुरायचं कुठं?’ आमच्या टेबलाच्या खणात त्याचं उत्तर, पत्ता आणि कुणाला भेटायचं ते, कन्नड आणि मराठीत लिहून ठेवलेलं आहे. प्रत्येक रुग्णालयात ते असावं.

*

चांगलं झालेलंही लिहिते. जन्मताच मूत्रपिंडं नसलेलं बाळ, आणि त्यामुळे फुप्फुसंही वाढलेली नव्हती. सोनोग्राफीत आधी कळलेलं, पण फार उशिरा, आणि आईने ठरवलं की जन्म द्यायचा. तेव्हाच सगळे बसले: प्रसूतितज्ज्ञ, नवजाततज्ज्ञ, सिस्टर, आई, वडील, दोन्हीकडच्या आज्या. नळी घालायची नाही, धाप लागली तर औषध द्यायचं, आणि बाळ आईजवळ ठेवायचं, असं ठरलं. ते फाइलमध्ये लिहिलं, डॉक्टरांनी सही केली, त्याखाली आई-वडिलांनी. प्रसूतीच्या दिवशी बाळाला पुसून आईच्या छातीवर दिलं. वडिलांनी कानात नाव सांगितलं. धाप वाढली तेव्हा सिस्टरांनी जिभेखाली औषध सोडलं. मॉनिटर नव्हता, त्यामुळे सगळे बाळाकडे बघत होते. दुपार उलटून गेल्यावर ते गेलं. संध्याकाळी आईने मला विचारलं की दूध येतंय, त्याचं काय करू. दुग्धपेढीला दिलं तिने ते.

यातलं काहीही महाग नव्हतं.

*

आयुष्याच्या शेवटच्या काळातल्या शुश्रूषेबद्दल भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं २०१७ पासून आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) पुनरुज्जीवन न करण्याबद्दलचं निवेदन २०२० पासून आहे. केंद्राच्या आरोग्य खात्याने सप्टेंबर २०२४ मध्ये उपचार काढण्याबद्दलचा मसुदा लोकांपुढे ठेवला; डॉक्टरांच्या संघटनेने त्यावर हरकत घेतली की यामुळे आमच्यावर दडपण येईल. दडपण आजही आहेच. फक्त ते सेंट्रिंगच्या कामावरच्या बापाच्या डोक्यावर आहे.

*

बंगळुरूतल्या, आणि बेळगाव-कोल्हापूर-सोलापूर-पुण्यातल्याही रुग्णालयांना माझी विनंती आहे. जिथे डॉक्टरांचंच मत पडलेलं आहे की उपचार थांबावेत, तिथे सल्ल्याविरुद्ध नेत असल्याचा कागद पुढे करू नका. कोण बसलं, काय सांगितलं, काय ठरलं, ते लिहा. यंत्र काढायचं असेल तर मंडळाच्या रीतीने इथेच काढा, दारात नको. घरी न्यायचंच म्हणाले तर दुखण्याचं औषध, ते कसं द्यायचं ते मराठीत किंवा कन्नडात लिहिलेलं, रात्री उचलला जाईल असा फोन नंबर, आणि गावच्या डॉक्टरांना दाखल्यासाठी चिठ्ठी बरोबर द्या. आईला चाकाच्या खुर्चीवरून आणता येतं, तिला आणा. सिस्टरांना बसवा. आणि त्या पानावर पहिली सही डॉक्टरांची असू द्या.